हक्का गावांतला ‘बाकगुंग’ पैशाचा देव नव्हे

तैवानमधील हक्का या वेगळी बोली असलेल्या चिनी वंशाच्या समाजाविषयी एक समजूत समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा पुढे पाठवली जाते: त्यांचा भूदेव (जमिनीची राखण करणारा देव) म्हणजे पैसा देणारा पांढऱ्या दाढीचा म्हातारा, मूर्ती आणि छप्पर नसलेली त्याची ठाणी म्हणजे अर्धवट राहिलेली देवळे, आणि पुरोहितच नसल्यामुळे ही पूजा चार वृद्धांबरोबर संपणार.

पैशाचे आधी पाहू. तैवानमधील व्यापारी चांद्र महिन्याच्या दुसऱ्या आणि सोळाव्या दिवशी भूदेवाला पूजतात, हे खरे आहे. परंतु हक्का माणूस त्याला ‘बाकगुंग’ म्हणतो आणि या शब्दाचा अर्थ आजोबांचा थोरला भाऊ असा होतो. शेताच्या बांधावरचा बाकगुंग वेगळा, पुलापाशी बसणारा वेगळा, ओढा गावाबाहेर पडतो तिथला वेगळा. ज्याच्या त्याच्या हद्दीची राखण त्याच्याकडे. तिजोरी हे त्यांपैकी फार तर एक ठाणे.

दुसरे विधान मात्र निव्वळ चुकीचे आहे, आणि घातकही. दक्षिण तैवानमधील मेइनोंग येथे १७३६ मध्ये लिन बंधूंच्या पुढाकाराने वसाहत झाली, तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी गावाचे पहिले बाकगुंग-ठाणे स्थापन झाले. या परिसरातील जुन्या पद्धतीच्या ठाण्यात मूर्ती नसते: देवाचे नाव कोरलेली उभी शिळा, तिच्या पाठीशी अर्धगोल मातीचा उंचवटा, दोन्ही बाजूंनी कवेत घेणाऱ्या बुटक्या भिंती आणि वर मोकळे आकाश. नवख्याला ती कबर वाटते, आणि ते साम्य योगायोगाचे नाही, कारण हक्का लोकांच्या थडग्यांची घडणही अशीच असते. अशा ठाण्यावर काँक्रीटचे छप्पर चढवून आत रंगीत मूर्ती बसवणे याला ‘जीर्णोद्धार’ म्हणतात. त्यात जीर्ण असे काहीच नव्हते.

पुरोहित नाहीत, हे बरेचसे मान्य. गावाच्या मोठ्या पूजेत विधीची आज्ञा पुकारणारे जाणकार गावातलेच असतात आणि ते वडीलधाऱ्यांच्या शेजारी उभे राहून शिकतात. वर्षाची जबाबदारी घरांमध्ये फिरत राहते. ज्याच्याकडे ती येते, त्याने वर्गणी जमवायची, नैवेद्य मांडायचा आणि पूजेनंतर गावाला जेवायला बसवायचे. या जेवणाला ‘आशीर्वाद खाणे’ म्हणतात. शिवाय मूल किरकिरे असले की त्याला बाकगुंगाच्या ओटीत घालून, लाल दोऱ्यात ओवलेले नाणे गळ्यात बांधतात, म्हणजे देवाशी ओळख शाळेच्या आधी होते. स्थलांतराने ही साखळी तुटतेच असेही नाही: कोलकात्याच्या टांगऱ्यातील हक्का कुटुंबे चिनी नववर्षात शहराबाहेरील अछिपूर गावाच्या भूदेव-भूदेवीच्या देवळात जातात.

चिंता करायचीच तर भाषेची करावी. घरात मंदारिन बोलणारी नातवंडे याच देवाला ‘तूदीगोंग’ म्हणतात, आणि त्या नावात आजोबांच्या थोरल्या भावाचे नाते उरत नाही.