‘मिरगीच्या गोळ्या सोडा, तूप खा’: हा मेसेज मुलांच्या जिवावर बेतेल

‘मिरगीच्या गोळ्या बंद करा, भात-पोळी सोडा, रोज दोन चमचे तूप द्या, २१ दिवसांत झटके कायमचे थांबतात.’ असे मेसेज नागपुरातले पालकही एकमेकांना पाठवतात. आहाराने झटके कमी होऊ शकतात, एवढंच यात खरं आहे. किटोजेनिक आहार, म्हणजे भरपूर स्निग्धांश आणि अगदी कमी कर्बोदकं असलेला आहार, मिरगीसाठी १९२१ पासून वापरात आहे.

गोळ्या बंद करा? मुळीच नाही. औषध एकदम थांबलं, तर झटक्यामागून झटका येऊ शकतो आणि मधे मूल शुद्धीवरच येत नाही. हा आहार गोळ्यांच्या जोडीनं सुरू होतो. गुण आला, तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

दोन चमचे तूप? हिशेब करा. ४:१ च्या आहारात ४ ग्रॅम स्निग्धांशामागे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून फक्त १ ग्रॅम. १००० कॅलरी लागणाऱ्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम स्निग्धांश आणि बाकी दोन्ही मिळून २५ ग्रॅम. दोन चमचे तूप म्हणजे जेमतेम १० ग्रॅम! वाढीसाठी १६ ग्रॅम प्रथिनं बाजूला काढली, की कर्बोदकांना उरले ९. सोललेल्या १०० ग्रॅम संत्र्यात ती साधारण १२ असतात. तर्री-पोह्यांचं तर नावच नको. म्हणून घरात ग्रॅमचा वजनकाटा लागतो, आणि वाटीला चिकटलेलं तूपही खरवडून मुलाच्या पोटात जावं लागतं. साखरेचं सिरप चालू असेल, तर तेच औषध गोळीत मिळतं का, ते डॉक्टरांना विचारा.

२१ दिवसांत कायमचे? गुण येतो की नाही हे कळायला साधारण तीन महिने द्यावे लागतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात, औषधांना दाद न देणाऱ्या मुलांपैकी आहार घेणाऱ्या ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून जास्त घटले. आहार न घेणाऱ्यांत ६ टक्क्यांचे. हा फरक मोठा आहे, पण सगळ्यांना गुण येत नाही.

‘घरचंच अन्न, अपाय कसला?’ काही मुलांच्या शरीरात जन्मतःच चरबी जाळण्याची सोय नसते. त्यांना हा आहार जिवावर बेतू शकतो. म्हणून आधी रक्त-लघवीच्या तपासण्या. पुढेही बद्धकोष्ठता, वाढ मंदावणं, मूतखडा यांवर नजर हवी. नागपूरच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात पाणी कमी पडलं, की खड्याचा धोका वाढतो. तेव्हा साधं पाणी भरपूर द्या. उन्हातून आलं म्हणून ग्लुकोजचं पाणी, उसाचा रस किंवा गुळाचं पन्हं दिलं, तर किटोन (चरबी जाळून शरीर बनवतं ते इंधन) घसरतात आणि थांबलेले झटके परत येऊ शकतात. शाळेतल्या बाईंना आणि आजी-आजोबांना हे आधीच सांगून ठेवा.