‘ज्याला जीभ नाही…’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वाईन घेताना, बाटलीची माहिती आणि लोकांनी तिला दिलेले सरासरी गुण दाखवणाऱ्या अ‍ॅपची मदत घ्या, असं मी लिहिलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली: “ज्याला स्वतःची जीभ नाही त्यानेच फोनला विचारून वाईन घ्यावी. गर्दीची सरासरी म्हणजे चव नव्हे. अ‍ॅप साल चुकीचं वाचतं, आणि हे लोक स्वतःच वाईन विकतात.”

पहिल्या वाक्याचा सूर मला बोचला, आणि तो बोचावा म्हणूनच तुम्ही ते लिहिलंत असं दिसतं.

जीभ सगळ्यांना असते हो. पण बंद बाटलीची चव कुणाच्याच जिभेला कळत नाही. दुकानात माणसापुढे असतं ते फक्त लेबल, आणि फ्रेंच किंवा इटालियन लेबलवर बरेचदा प्रदेशाचं नाव असतं, द्राक्षाचं नसतं. शाब्लीची वाईन शार्दोने द्राक्षाची असते, बारोलोची नेब्बिओलो द्राक्षाची. हे ज्याला ठाऊक नाही त्याला चवच कळत नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? अ‍ॅप लेबलचा फोटो घेऊन द्राक्ष कुठलं, टॅनिन (जिभेला जाणवणारा तुरटपणा) किती, आंबटपणा किती, एवढं सांगतं. निवड माणूसच करतो.

मी तरुणपणी वेटरचं काम केलंय. उच्चार चुकेल म्हणून नाव न घेता यादीवर बोट ठेवून “ही द्या” म्हणणारी माणसं मी रोज पाहिली. शेजारच्या टेबलावरून त्यांच्याकडे बघून हसणारे जाणकारही पाहिले. तुमचं वाक्य वाचून मला ते जाणकार आठवले. हे स्पष्टच सांगतो.

आणि जिभेचा एवढा भरवसा असेल तर रॉबर्ट हॉजसन या अमेरिकन वाईन-उत्पादकाचा २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचा. कॅलिफोर्निया स्टेट फेअर या जत्रेतल्या वाईन-स्पर्धेच्या परीक्षकांना त्यांनी एकाच बाटलीतली वाईन, न सांगता, तीनदा चाखायला दिली. तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देणारे परीक्षक निघाले सुमारे १० टक्के. हे सगळे कसलेले लोक होते. त्यांना कुणी ‘जीभ नाही’ म्हटलं नाही. तो मान तुम्ही माझ्या वाचकांसाठी राखून ठेवलात.

सालाचा, म्हणजे द्राक्षं काढली त्या वर्षाचा, मुद्दा मात्र रास्त आहे. फ्रान्समधल्या बोर्दो प्रदेशाचं २०१० उत्तम आणि २०१३ थंडी-पावसाने मार खाल्लेलं, म्हणजे अ‍ॅपने साल चुकवलं तर गुण भलत्याच बाटलीचे दिसतात. लेबलवरचं साल स्वतः ताडून पाहावं, हे मी लेखात घालतो.

बाकी, अ‍ॅपवाले वाईन विकतात, तशी दुकानदारही विकतोच. सरासरीबद्दल म्हणाल, तर नुसत्या गुणांच्या आकड्यावर वाईन घ्या असं मी कुठेच लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा.

तुमची पुढची प्रतिक्रियाही मी छापीन. फक्त ती माझ्यावर असू द्या, वाचणाऱ्यांच्या जिभेवर नको.