"गोव्याला भूजलाचे शास्त्रज्ञ कशाला?" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. गोव्यात एवढा पाऊस पडतो, केंद्राच्या भूजल रिपोर्टात सगळे तालुके 'सुरक्षित' (म्हणजे उपसा मर्यादेत), मग परवाने, सर्व्हे, शास्त्रज्ञ-अधिकाऱ्यांच्या बैठका हे सगळं लोकांना छळायला आणि चहा-समोसे खायला, असं त्यात लिहिलंय. बरं, बघूया.

पाऊस वर्षाला साधारण 3000 मिमी, मान्य, पण पडतो म्हणजे राहतो असं कुठाय? आपला जांभा भोकाभोकांचा, पावसाळ्यात चिऱ्यांच्या खाणीशी जाऊन बघा, भिंतीतून पाणी पाझरत असतं, आणि खाली चिकण मातीचा थर लागला की त्यावरून सरकत ते डोंगराच्या कडेला झरीतून बाहेर पडतं, मग ओहोळ, नदी, समुद्र. म्हणून तर ऑगस्टात काठोकाठ भरलेली विहीर मे महिन्यात तळ दाखवते.

'सुरक्षित' हे खरंय. फक्त तो हिशोब अख्ख्या तालुक्याचा, बार्देशात कळंगुटची हॉटेलं आणि आत अस्नोड्याच्या बागायती एकाच सरासरीत. किनाऱ्याला गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, ढोबळ हिशोबानं समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर गोडं असेल तर खाली 40 मीटर, म्हणजे पंप लावून वरचं अर्धा मीटर उतरवलंत तर खालून खारं किती वर चढेल तो हिशोब तुम्हीच करा. किनाऱ्याच्या कुठल्या पट्ट्यात हा धोका जास्त, हे ठरवायची 'गॅल्डिट' पद्धत गोवा विद्यापीठाच्या प्रा. चचडींनी पोर्तुगालच्या लोबो फेरेरांबरोबर मांडली, 2001 ची गोष्ट, आज बाहेरचे देश वापरतात. बोअरवेलच्या फाईलला तसला नकाशा जोडलेला असायला नको?

"माझी जमीन, माझं पाणी" हा सगळ्यात लाडका मुद्दा. अहो, जमिनीखाली कंपाउंड वॉल नसते. डिचोलीतल्या शिरगावात लोहखनिजाच्या खाणींमुळे विहिरी आटतात म्हणून लोकांना हायकोर्टात जावं लागलं, कारण खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की आतलं पाणी उपसत राहावं लागतं आणि शेजारच्या विहिरीतलं तिकडे ओढलं जातं. 2002 चा गोवा भूजल कायदा विहीर खणायला परवाना मागतो तो याचसाठी, आणि द्यायचा की नाही हे ठरवायला खाली काय चाललंय ते कुणीतरी मोजलेलं लागतंच, नाहीतर अधिकारी अंदाजानं सही मारणार.

चहा-समोशांचं मात्र थोडं पटतं. केंद्रीय भूजल मंडळाचं गोव्याचं काम बेंगळुरूच्या ऑफिसातून चालतं, त्यांच्या निरीक्षण विहिरी मोजतात वर्षातून चारदा, आणि एप्रिल-मेत रात्री विहिरींवर टँकर भरत असतात तेव्हा रीडिंग घ्यायला तिथे कोण असतं! पण याला उपाय शास्त्रज्ञाला घरी पाठवणं नाही. पंचायतीनं चार विहिरी ठरवून दर आठवड्याला टेप सोडावा, वहीत लिहावं, ती वही भूजल अधिकाऱ्याकडे आणि विद्यापीठाकडे दोन्हीकडे जावी, आणि पातळी अमुक खाली गेली की टँकर बंद, हा 'अमुक' आकडा दोघांनी मिळून उन्हाळ्याआधी ठरवून ठेवावा. मे उजाडल्यावर बैठक बोलावली तर मग समोसेच उरतात.