याला काही अर्थ नाही

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीतून एक मोटरसायकल चोरीला गेली आणि त्या रात्रीपासून मला माझ्या गाडीबद्दल एकाएकी प्रेम वाटू लागलं. गाडी २००६ची, १५० सीसी, टाकीला पोचा, सीटला चिकटपट्टी. "चोरानं नेली तरी दोन दिवसांत परत आणून लावेल," असं बायकोचं मत. तरीही मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन अलार्म आणलाच. दुकानदाराला विचारलं, "घरच्या घरी बसवता येईल ना?" त्यानं आधी माझ्याकडे, मग माझ्या हातांकडे पाहिलं. म्हणाला, "बसवता येईल. चालेल का, ते वेगळं."

खोक्यात एक काळी डबी, सायरन, दोन रिमोट, वायरींचा झुपका आणि मुंगीच्या अक्षरातला कागद. लाल वायर बॅटरीला, काळी अर्थला, नारिंगी चावी फिरवल्यावर करंट येतो तिथे, पिवळी इंडिकेटरला. चार वायरी! रविवारी सकाळी नऊला बसलो. दुपारी जेवायची हाक आली तेव्हा सीट, टाकी आणि दोन्ही बाजूंची कव्हरं वर्तमानपत्रावर पसरली होती. त्या क्षणी चोर आला असता तर हळहळून दहा रुपये ठेवून गेला असता.

संध्याकाळी रिमोट दाबला. 'टिंव' आवाज आला, चारही इंडिकेटर लुकलुकले. बायकोला खाली बोलावून पुन्हा दाबून दाखवलं.

सोमवारी ऑफिसला जाताना डावा इंडिकेटर दिला, तर चारही पेटले. उजवा दिला, चारही. पिवळी वायर एकच आणि गाडीच्या बाजू दोन, म्हणून मी डाव्या-उजव्या वायरी सोलून तिला एकत्र पिळल्या होत्या. म्हणजे दोन्ही बाजूंचं आतून संगनमत मीच करून दिलं होतं. मागून स्कूटरवर आलेल्या मावशी म्हणाल्या, "अहो, एकदा काय ते ठरवा!"

यावर उपाय म्हणजे मध्ये दोन डायोड घालायचे. डायोड म्हणजे विजेचा एकेरी रस्ता. लक्ष्मी रोडसारखाच, फरक एवढाच की डायोडमधून उलटं कुणी येत नाही. मी एक-एक अँपिअरचे दोन लावले. आता एका बाजूला १० वॉटचे दोन बल्ब, म्हणजे २० वॉट. १२ व्होल्टला ते जवळजवळ पावणेदोन अँपिअर मागतात. हा भागाकार मी डायोड जळल्याचा वास आल्यावर केला. मग तीन अँपिअरचे आणले.

नारिंगी वायरीनं तर मला चारचौघांत आणलं. गाडी चालू असताना अलार्मनं गप्प बसावं, म्हणून त्याला चावीचा करंट कळावा लागतो. मला हेडलाइटची वायर हाताला लागली, तिलाच नारिंगी जोडली. जुन्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा बॅटरीशी संबंधच नसतो. त्याला इंजिनाच्या कॉइलमधून थेट एसी जातो. रेस द्याल तसा उजेड. त्यामुळे माझा अलार्म रेस असेपर्यंत मला मालक मानायचा आणि इंजिन मंदावलं की चोर.

अलका चौकात सिग्नलला थांबलो आणि सायरन सुरू झाला. सहा आवाजांचा सायरन. अँब्युलन्स संपली की पोलीस, पोलीस संपले की काहीतरी कोल्हेकुई. मी रेस वाढवली, थांबला. सोडली, सुरू. मामा शिट्टी तोंडातून काढून आले.

"गाडी कुणाची?"

"माझीच."

"गाडीला तसं वाटत नाहीये."

मधल्या काळात बॅटरी दोनदा उतरली, त्याची हकिगत थोडक्यात सांगतो. इंजिन चोरून चालू करता येऊ नये म्हणून मी हौसेनं एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बसवला होता. अलार्म लावलेला असेपर्यंत त्याची कॉइल सतत १५० मिलीअँपिअर पीत बसायची. चोवीस तासांत साडेतीनच्या वर अँपिअर-तास, आणि बॅटरी सगळी नऊची. रिले काढला. चोर आला तर येवो.

खरा छळ यानंतरचा. हॉर्न दाबला की न्यूट्रलचा हिरवा दिवा मिणमिणायचा. ब्रेक दाबला की सायरन हुंकार द्यायचा. रात्री दोन वाजता, मांजरसुद्धा फिरकलेलं नसताना, सगळं एकदम बोंबलायचं. वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून विचारायचे, "आज कोणता आवाज लागणार आहे? अँब्युलन्सला मी जागा असतो, पोलिसांना उठवा." मुलाचा मल्टीमीटर घेऊन मी प्रत्येक वायर तपासली. प्रत्येक ठिकाणी 'पीं'. म्हणजे जोड पक्का. तीन आठवडे मी त्या 'पीं'वर विश्वास ठेवला.

शेवटी हार मानून गाडी नाना पेठेत एका वायरिंगवाल्या पोराकडे नेली. त्यानं सीट उचलली, मिनिटभर पाहिलं आणि म्हणाला, "काका, याला अर्थच नाही."

तीन आठवडे बायको हेच सांगत होती. मी म्हटलं, "बाबा रे, ते मलाही पटलंय. पण आता करायचं काय?"

"अर्थ नाही काका, *अर्थ*! अर्थिंग!"

त्यानं सायरन चालू ठेवून मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं माझ्या काळ्या वायरीला लावलं. तिथे जवळपास शून्य यायला हवं. आले पावणेचार व्होल्ट. 'पीं' करताना मीटर अगदी चिमूटभर करंट सोडतो, तेवढा एका केसाएवढ्या तारेतूनही जातो. खरा भार पडला की कळतं. काळी वायर मी फ्रेमच्या बोल्टखाली आवळली होती, नीटनेटकं दिसावं म्हणून गाडीच्या मूळ अर्थच्या वायरीही तिथेच आणल्या होत्या, आणि त्या फ्रेमवर गेल्या दिवाळीत मीच ब्रशनं काळा ऑइलपेंट फासला होता. बिचारी वीज परतीची वाट बंद दिसल्यावर कधी न्यूट्रलच्या दिव्यातून, कधी सायरनमधून घरी जात होती.

पोरानं पॉलिश पेपरचा तुकडा काढला, बोल्टखालचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडला आणि बोल्ट आवळला. पाच मिनिटं. पैसे विचारले तर म्हणाला, "पन्नास द्या. रंग छान लावलाय."

त्यानंतर आमच्याकडे इतकी शांतता झाली की पहिल्या रात्री दोन वाजता मला आपोआप जाग आली. वर गॅलरीत काकाही उभे होते.

परवा ते खाली आले. हातात तेच खोकं, तीच काळी डबी. "जावयाच्या गाडीला बसवायचंय. तुमचा आता हात बसला असेल."

मी खोकं उघडलंही नाही. म्हटलं, "काका, घरात पॉलिश पेपर आहे का?"