‘सखाराम बाइंडर’च्या प्रयोगाला एक स्टार : हॉलमालकाचं उत्तर

नमस्कार दादा,

एक स्टार दिलात, चालतंय. घरच्यांना घेऊन विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ नाटकाला आलो, स्टेजवर शिव्या, दारू आणि बिनलग्नाचा संसार, अर्ध्यातून उठावं लागलं, पैसे परत नाहीत, आणि ‘असलं काही मराठवाड्याच्या संस्कृतीत बसत नाही’, असं तुम्ही लिहिलंय.

त्या रात्री मी मागच्या दाराशी उभा होतो, म्हणून बोलतो. सखारामच्या मुसलमान मित्रानं, दाऊदनं, गणपतीची आरती म्हणायला सखारामनं घरात ठेवलेल्या लक्ष्मीचा विरोध असतो आणि सखाराम तिला पट्ट्यानं फोडून काढतो. तेव्हा तुमच्या रांगेतली एकसुद्धा खुर्ची वाजली नाही. पुढं लक्ष्मीनंतर घरात आणलेल्या चंपानं दारूचा ग्लास तोंडाला लावला आणि अख्खी रांग उभी राहिली. ती पिते कशापायी? शुद्धीत असताना त्या माणसाचा हात अंगाला सहन होत नाही म्हणून. एवढं ऐकायला तरी थांबायचं होतं. मार खाणारी बाई पचली अन् पिणारी नाही पचली, हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

‘जरा सौम्य करून दाखवायचं’ असंही म्हणता. तेंडुलकरांच्याच ‘गिधाडे’ नाटकात साडीवरचा रक्ताचा लाल डाग सेन्सॉरला खटकला होता. मंडळींनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी सांगून टाकलं, हा लालच समजा! ‘सखाराम’वर तर 1972 साली बंदीच आली होती. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात भांडले आणि जिंकले. कोर्टानं सोडलेलं नाटक लातुरात हॉलवाल्यानं अडवावं, एवढी माझी पायरी नाही.

संस्कृतीचं म्हणाल तर ‘चारचौघी’ नाटक 1991 साली आलं. लग्न झालेल्या माणसापासून मुली झालेली आई आणि दोन मित्रांबरोबर एकत्र राहू म्हणणारी तिची धाकटी त्यात आहे. लिहिणारे प्रशांत दळवी आणि बसवणारे चंद्रकांत कुलकर्णी दोघंही आपल्या औरंगाबादच्या रंगभूमीवर घडलेले. आणि नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत लावणीला पुढची जागा कोण धरतं, ते राहू द्या.

पैशाचं : तिकीट नाट्यसंस्थेचं, मला फक्त हॉलचं भाडं मिळतं. पडदा उघडल्यावर परतावा नाही, हे तिकिटामागं छापलेलं आहे. ‘फक्त प्रौढांसाठी’ हेही खिडकीवर मोठ्या अक्षरात होतं आणि तुमच्यासोबत पोरं दिसल्यावर आमच्या पोरानं तुम्हाला ते बोलूनही दाखवलं होतं. ‘काही होत नाही’ म्हणून तुम्हीच आत गेलात.

पार्किंगची तक्रार मात्र रास्त आहे. समोरची नाली खोदून ठेवलीय, तोवर गाड्या मागच्या गल्लीत लावा, वॉचमन असतो. दिवाळीच्या सुट्टीत बालनाट्य लागणार आहे, त्याला पोरांना जरूर आणा. नाट्यसंस्था पुन्हा तारीख मागतीये, मी देणार आहे.