पेशींचं घड्याळ, विजेची लाईन आणि ‘एक अभियंता’ यांना उत्तर

सन्माननीय ‘एक अभियंता’,

पेशींतल्या जैविक घड्याळावर, म्हणजे शरीराची सुमारे चोवीस तासांची दिवसरात्रीची लय ठरवणाऱ्या यंत्रणेवर, विजेच्या क्षेत्राचा काही परिणाम होतो का, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचे आक्षेप असे: प्रयोग माश्यांवर झाले, त्यातलं क्षेत्र आपल्या शिवारावरून जाणाऱ्या तारांखालच्या क्षेत्रापेक्षा कितीतरी जास्त होतं, एका प्रयोगात घड्याळ मंदावलं तर दुसऱ्यात वेगानं चाललं. आणि शेवटी हे वाक्य: “अर्धवट माहितीवर मास्तरांनी गावकऱ्यांना घाबरवण्यापेक्षा रात्री नीट झोपायला सांगावं.”

असहमतीबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘घड्याळ’ हा शब्द तुम्ही प्रत्येक वेळी अवतरणात टाकला आहे, जणू मी कुणाच्या अंगात आल्याची गोष्ट सांगतोय. कोनोप्का आणि बेन्झर यांनी 1971 साली फळमाशीत असा जनुक दाखवला, ज्यात बिघाड झाला की माशीचा दिवसच लांबतो, आखूड होतो किंवा विस्कटतो. त्या जनुकाचं काम उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. 2011 साली तर माणसाच्या तांबड्या रक्तपेशींत, जिथे केंद्रकच नसतं, म्हणून त्यातली जनुकंही नसतात, तिथेही सुमारे चोवीस तासांची लय सापडली. तेव्हा अवतरणचिन्हं काढून टाका, मग बोलू.

माशी म्हणजे माणूस नव्हे, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. माझ्या लेखातही ‘सिद्ध झालं’ असं कुठे लिहिलेलं नाही, पुन्हा वाचून बघा. मी एवढंच लिहिलं होतं की जर्मनीतल्या बव्हेरियात आंडेक्सला, जमिनीखालच्या खोल्यांत, वेव्हर या शास्त्रज्ञांनी माणसांना सूर्य आणि घड्याळाशिवाय ठेवलं. एक खोली बाहेरच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रापासून झाकलेली होती. त्या खोलीत लोकांची झोपण्या-जागण्याची लय न झाकलेल्या खोलीपेक्षा जास्त लांबली आणि दहा हर्ट्झचं अगदी क्षीण विद्युतक्षेत्र सुरू केल्यावर ती आखूड झाली. ही माणसंच होती, माश्या नव्हत्या. पुढे 2009 आणि 2014 च्या प्रयोगांत माशीतल्या क्रिप्टोक्रोम या निळा प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाकडे बोट गेलं. 2014 च्या कामात 50 हर्ट्झसुद्धा होतं, म्हणजे आपल्या घरातल्या विजेचीच वारंवारता. मंद की वेगवान, हा वाद प्रयोगशाळेतल्यांनी मिटवावा. काहीतरी हललं एवढं मला पुरे. क्षेत्राच्या आकड्यांवर मी इथे वेळ घालवत नाही.

मला बोलायचं आहे ते तुमच्या त्या शेवटच्या वाक्यावर. रात्री नीट झोपायला सांगावं! भाऊ, तुम्ही कुठे राहता मला ठाऊक नाही, पण रब्बीत आमच्याकडे कुठल्याही वावरात येऊन हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघा. कृषिपंपाची थ्री फेज लाईन पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की गहू-हरभऱ्याच्या ओलिताला माणूस दहा-अकरानंतर निघतो. दांडातलं पाणी फिरवतो, डीपीचा, म्हणजे शेताजवळच्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज गेला की अंधारात थांबून राहतो. पायाखाली साप, धुऱ्यावर रानडुकरं, आणि थंडी एवढी की ओल्या पायांना बोटं आहेत की नाहीत ते कळत नाही. पहाटे घरी येऊन अंग टाकतो तोवर गाईला चारा टाकायची वेळ होते. पुढच्या आठवड्यात पाळी फिरते आणि तोच माणूस दिवसा पाण्यावर असतो.

हा माणूस झोपत नाही तो अज्ञानामुळे नाही. ऑटोरिक्षात बसून गावाकडे आलेल्या पाहुण्यानं ‘झोप घ्या हो काका’ म्हणावं, तसं तुमचं वाक्य आहे. कारखान्यातल्या फिरत्या पाळीबद्दल सगळं जग लिहितं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2007 साली, शरीराची दैनंदिन लय मोडणारी रात्रपाळी माणसात ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हणून वर्गीकृत केली, 2019 मध्ये ते कायम ठेवलं. शेतातल्या रात्रीच्या ओलिताला मात्र रात्रपाळी म्हणत नाहीत, कारण त्याचं हजेरीपुस्तक नसतं.

माझे वडील आयुष्यभर रात्रीचं ओलित करत होते. म्हातारपणी पाणी बंद झालं, तरी मध्यरात्री उठून बसायचे ते उठायचेच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. हिवाळ्यात पहिल्या तासाला माझ्यासमोर मुलं डुलक्या घेत, कारण रात्री बापासाठी बॅटरी धरून बसलेली असत. त्यांना मी कधी ओरडलो नाही. या दोन गोष्टी मी पाहिल्या आहेत, तुम्ही नाही. म्हणून पेशीतल्या घड्याळाचं संशोधन इथल्या माणसाला कळायला हवं, असं मी म्हणतो तेव्हा ते नादानं म्हणत नाही. प्रकाश, झोप, जेवणाची वेळ, हे घड्याळ बिघडवणारे मोठे हात आहेतच. त्यात क्षीण क्षेत्राचाही बारीकसा हात असेल का, हा प्रश्न विचारल्यानं कुणी घाबरत नाही. आमच्या गावात तरी लेख वाचून कुणी तारेखालचं वावर सोडून पळालं नाही.

‘मास्तर’ म्हटल्याचा राग नाही, मी मास्तरच आहे. ‘अर्धवट’ म्हटल्याचा आहे. अभियंत्यानं निदान स्वतःचं नाव लिहून हे म्हणावं.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तर जशीच्या तशी छापीन. तीत शेतीच्या विजेची पाळी दिवसा का देता येत नाही, यावर दोन ओळी लिहाल तर आणखी बरं, कारण तुमच्या वीज खात्यातल्या माणसाकडून ते ऐकायला आमच्या गावात पुष्कळ लोक थांबलेले आहेत.