मालकाचे उत्तर : मालवणजवळच्या देवबागची डॉल्फिन फेरी

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. घरच्यांना घेऊन एवढ्या लांबून आलात आणि मन भरलं नाही, याबद्दल दिलगीर आहे. मुलीला बोट लागली, त्याचंही वाईट वाटलं.

पण 'तेल वाचवायला इंजिन बंद करून नुसतं बसवून ठेवलं, बाकीच्या होड्या मात्र डॉल्फिनच्या मागे जात होत्या, ही फसवणूक आहे' असं तुम्ही लिहिलंय, ते फार लागलं. इंजिन तेलासाठी बंद केलं नव्हतं, साहेब. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्या उथळ पाण्यात मासळी असते, म्हणून पाठीवर उंचवटा असलेले हे डॉल्फिन किनाऱ्याजवळ येतात. त्यांचं सगळं आवाजावर चालतं. आवाज सोडायचा आणि पडसादावरून मासा शोधायचा. चार इंजिनं एकदम घरघरली की कळप बुडी मारतो आणि कुठेतरी लांब वर येतो. त्या दिवशी तर कळपात पिल्लू होतं, होडी चालवणाऱ्या तांडेलाने तुम्हाला दाखवलंही. त्याच्या अंगावर होडी घालायला मी कधीच सांगणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हा प्राणी पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच रांगेत. टीव्हीवरच्या उड्या मारणाऱ्या डॉल्फिनसारखे हे नाहीत. पाठ दाखवतात, श्वास घेतात, जातात.

आणि फोनवर सकाळी सातला जेटीवर या म्हणून सांगितलं होतं, तुम्ही आलात नऊनंतर. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा असतो, पाणी सपाट असतं, डॉल्फिनच्या पाठीवरचा पर लांबूनही दिसतो. ऊन चढल्यावर वारा फिरतो, लाटांवर फेस येतो, त्यात पाठ शोधायची कशी? तरी मुलं हिरमुसतील म्हणून होडी सोडली, ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबलो आणि त्याचे पैसे मागितले नाहीत. हे तुमच्या लिहिण्यात कुठेच आलं नाही.

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा काहीच कमाई नसते. इथे लिहिलेलं वाचूनच पुढचे पर्यटक ठरवतात. आमच्या तांडेलाचा बाप याच किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढायचा, त्या माणसाला फसवणूक करणारा म्हटलेलं सहन होत नाही.

डॉल्फिन दिसतीलच याची हमी नसते, हे बुकिंगच्या वेळी आणखी स्पष्ट सांगू. बोट लागण्यावरच्या गोळ्यांचंही बघतो. तारे कमी द्या, हरकत नाही, पण 'फसवणूक' हा शब्द तेवढा काढावा, ही विनंती.